कडेला वळवलेला दिवा

प्रिय दादा,

हे पत्र हातात पडेल तेव्हा तू कामावर असशील तर ते तसंच खिशात ठेव. खोलीवर जा, आंघोळ कर, झोप काढ आणि मग दिवसाउजेडी खिडकीशी बसून वाच. फोन करता आला असता. पण तू फोन उचलतोस तेव्हा पुष्कळदा एक हात स्टिअरिंगवर असतो, ते मला तुझ्या आवाजावरून कळतं. मग तू 'हो आई, बरं आई' म्हणत राहतोस आणि मी काय बोलले ते तुझ्या एका कानातून आत जाऊन दुसऱ्यातून रस्त्यावर पडतं. या वेळी मला 'हो आई' नकोय. मला तुझ्याकडून एक गोष्ट करून हवी आहे. ती काय ते लगेच सांगितलं तर तू पुढचं वाचणार नाहीस, म्हणून क्रमाने सांगते. मधली पानं गाळू नकोस. मी वाचायला शिकले ती तुझ्या बाबांनी छापखान्यातून आणलेल्या रद्दी कागदांवर, त्यात ना सुरुवात असायची ना शेवट. अर्धवट वाचून मनाने पुरं करण्याची खोड किती वाईट, ते मला विचार.

धाकटी घरी आली आहे. सुट्ट्या नाहीत, काही नाही, कॉलेज ऐन भरात असताना सोमवारी सकाळी दारात उभी. खांद्याला पिशवी, बगलेत चित्रांचा फळा. आठवडाभर राहीन म्हणाली. मी विचारलं, काही झालंय का. तर म्हणाली, काय व्हायचंय. एरवी ही मुलगी घरात शिरली की आधी भांड्यांवरची झाकणं उघडते, मग माझ्या पडद्यांच्या रंगाला नावं ठेवते, मग माझ्या शिवणाच्या ढिगाऱ्यात बसकण मारून कॉलेजातल्या सगळ्या मास्तरांच्या नकला करते. या वेळी पडद्याबद्दल चकार शब्द नाही. चहा दिला, तो प्यायली. जेवायला वाढलं, ते जेवली. ताट विसळून जागेवर ठेवलं. दादा, ती भांडली असती तर मी निवांत झोपले असते.

तुला माहीत आहे, माझं डोकं कसं चालतं ते. दुपारपर्यंत मी तिला नापास केली होती, संध्याकाळपर्यंत कॉलेजातून काढून टाकली होती, आणि अंथरुणावर पडेपर्यंत कुणीतरी मुलगा, त्याची आई आणि त्या आईचा नकार इथपर्यंत सगळं रचून झालं होतं. विचारायची मात्र हिंमत नाही. आपल्या घरात कुणी कुणाला खोदून विचारत नाही, ही आपली जुनी रीत. बाबांनीच घातलेली. माणसाला सांगायचं असेल तेव्हा सांगेल, असं ते म्हणायचे. मला तेव्हा वाटायचं, किती समजूतदार माणूस. आता वाटतं, त्या माणसालाच कुणी आपल्याला काही विचारलेलं नको होतं.

मंगळवारी मी काज करत बसले होते आणि मागच्या पडवीतून गोणपाट ओढल्याचा आवाज आला. मी उठून गेले तर तिने बाबांची सायकल बाहेर काढली होती.

चार वर्षं मी त्या गोणपाटाला हात लावला नाही. झाडतानासुद्धा तेवढा कोपरा सोडून झाडते. पोलिसांनी ती आणून दिली तेव्हा तू म्हणाला होतास, भंगारात घाल. मी घातली नाही आणि ठेवलीही नाही, नुसती झाकली. पुढचं चाक तसंच पिळवटलेलं, मडगार्ड आत गेलेलं. धाकटीने ती दारात उजेडात आणून उलटी केली, सीटवर आणि हँडलवर उभी, आणि जुनी चादर पसरून समोर मांडी घालून बसली. मी म्हटलं, हे काय. ती म्हणाली, दुरुस्त करते. मी म्हटलं, कशासाठी. ती म्हणाली, बघायचंय. झालं, एवढंच. मी परत मशीनवर येऊन बसले आणि एक काज चुकीच्या बाजूला केलं.

बाबा गेले त्या संध्याकाळबद्दल आपलं तिघांचं कधीच एकमत झालं नाही, नाही का? तू म्हणायचास, तो व्हॅनवाला बेफाम आला. मी म्हणायचे, ब्रेक. ब्रेक करकरतात, नवीन रबर टाकून घ्या, म्हणून मी त्यांच्या किती मागे लागले होते ते तुला ठाऊक आहे. आणि धाकटी तेव्हा शाळेत होती. ती काहीच म्हणायची नाही. आपण दोघं वाद घालायचो आणि ती कोपऱ्यात बसून पेन्सिलीला टोक करायची. मला वाटलं होतं, लहान आहे, विसरेल.

ती काम कसं करते ते सांगते, कारण ते मी आठवडाभर सुईवरून नजर उचलून उचलून पाहिलं आहे. एखादा भाग काढायच्या आधी ती त्याचं चित्र काढते. नट कुठे, वायसर कुठे, आधी कुठला, मग कुठला. मग पाना लावते. काढलेला भाग रॉकेलने पुसून चादरीवर मांडते, आणि ज्या क्रमाने काढला त्याच क्रमाने ओळीत. मी पाहिलं, तर ते थेट बाबा होते. छापखान्यातल्या शिशाच्या अक्षरांच्या खणांसारखं. तुला आठवतं ना, स्टूल दरवाजाच्या डाव्या अंगालाच हवं, पाण्याची कळशी कट्ट्याच्या टोकाला, चपला भिंतीला टेकून. कुणी स्टूल वीतभर सरकवलं तरी त्यांचा आवाज चढायचा. एरवी या माणसाने आपल्यावर कधी डोळे वटारले नाहीत, पण स्टुलावरून घर डोक्यावर घ्यायचे. आपण म्हणायचो, आयुष्यभर एकेक अक्षर आपापल्या खणात टाकून टाकून यांना संसारही खणात लागतो. तू तर पाहुण्यांना सांगायचास, आमच्याकडे बसा, पण स्टूल हलवू नका, ते राष्ट्रगीतासारखं आहे.

तिची चित्रं मी पाहिली. न विचारता नाही, तिने समोरच ठेवली होती. चित्र मला फार कळत नाही, पण बघायला लागल्यापासून थोडं कळतं. मध्यभागी इतकं बारीक काम, की चेनच्या एकेका कडीवरची झीज दिसावी. आणि कडेला काही नाही. कोरं. सायकलचं चाक काढलंय, पण गोल पुरा नाही, मधला तुंबा आणि आऱ्यांची मुळं तेवढी, बाकी आरे हवेत विरून जातात. पूर्वी ती कागदाच्या चारी कोपऱ्यांना मांजरं, डबे, माझे पाय, काय काय भरायची. मी म्हटलं, हे असं का ग अर्धवट? ती म्हणाली, आता असंच काढते. मला वाटलं, कॉलेजात काहीतरी नवीन शिकवलं असेल. आजकाल अर्धवट ठेवायलाही शिकावं लागतं, असं मी बोललेही. ती हसली नाही.

बुधवारी तिने मागचं चाक उघडलं आणि छर्रे सांडले. ते ग्रीसमध्ये माखलेले छोटे छोटे गोळे चादरभर पांगले. ती एकेक वेचत होती. एक काही सापडेना. तो तिच्या गुडघ्याला लागूनच पडला होता, दादा, अगदी लागून, चकचकत. ती चादर उचलते, दाराच्या फटीत बघते, पायपुसणं झटकते. मी उठून तो तिच्या तळहातावर ठेवला आणि नेहमीचं वाक्य तोंडातून गेलं: धांदरटे, बापाची लेक शोभतेस. हे वाक्य या घरात किती हजार वेळा बोललं गेलं असेल! बाबा दाराला धडकले की धांदल, कळशी लवंडली की धांदल. तू त्यांची नक्कल करायचास, भिंतीला नमस्कार करून पुढे जायचास, आणि सगळ्यात मोठ्याने तेच हसायचे. धाकटी चालायला लागली आणि चौकटीवर आपटली तेव्हा आपण टाळ्या वाजवल्या होत्या, वारसा मिळाला म्हणून. त्यावर ती एरवी मला उलटं काहीतरी ऐकवते. बुधवारी तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. पाहतच राहिली. मग छर्रा जागेवर बसवला आणि त्यावर बोटाने ग्रीस लावत बसली, लावून झालं तरी लावत बसली.

डोळ्यांचा विचार मला शिवलासुद्धा नाही. कसा शिवणार? आपल्या घराला डोळ्यांचा केवढा गर्व! बाबा मुंगीएवढी अक्षरं उलटी वाचायचे. निवृत्तीला आलेला माणूस, चष्मा नाही. या आठवड्यातसुद्धा माझ्या सुईत दोरा धाकटीनेच ओवलाय, पहिल्या फटक्यात. मी सुई पुढे केली की ती उजेडाकडे धरते आणि दोरा आरपार. असल्या मुलीच्या डोळ्यांत काही असेल असं कोण म्हणेल?

गुरुवारी दुपारी ती ब्रेक उघडून बसली होती. मी मुद्दाम पाठ करून बसले. बराच वेळ नुसता कानसेचा आवाज. मग तो थांबला आणि ती म्हणाली, "आई, ब्रेक चांगले होते ग. रबर नवीन होतं. बाबांनी बदलून घेतलं होतं."

दादा, चार वर्षं मी त्या रबराला धरून होते. माझं ऐकलं असतं तर आज असते, हे वाक्य मनात घेऊन मी उठत होते, झोपत होते. राग असला की दुःखाला बसायला पाट मिळतो. आणि इथे कळतं की त्यांनी माझं ऐकलं होतं, गुपचूप ऐकलं होतं, आणि सांगितलं मात्र नव्हतं. मग मला दुसरीच भीती वाटायला लागली. ब्रेक चांगले होते म्हणजे तुझंच खरं, तो व्हॅनवालाच दोषी. ही मुलगी पुरावा गोळा करतेय की काय? आता कुणाच्या दारात जाऊन उभी राहणार? कॉलेज सोडून हेच करणार?

संध्याकाळी पुढचं चाक कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याकडे न्यायचं होतं, रिम सरळ करायला. ते काम तिच्याने होणारं नव्हतं. म्हणाली, आई, तू चल बरोबर. चाक मी एका हाताने धरलं आणि तिने माझा कोपर धरला. शाळेच्या फाटकाशी माझं बोट झिडकारून आत पळालेली मुलगी ती. तेव्हापासून रस्त्यात तिने मला कधी धरलं नव्हतं. मला वाटलं, चला, माया आली. मी इतकी सुखावले की परत येताना मुद्दाम लांबच्या रस्त्याने आणलं. दिवे लागायच्या सुमारास तिची पकड घट्ट झाली, तरी मी सुखावतच होते. सायकलवाला मागून ओरडला होता, वहिनी, लेकीला सासरी पाठवताय की काय अशी धरून? मी त्यालाही हसून उत्तर दिलं.

शुक्रवारपर्यंत एक गोष्ट माझ्या लक्षात येऊन चुकली होती, पण मी तिला नाव देत नव्हते. ऊन कलंडलं की ती हत्यारं आवरते. दिवा लावते म्हटलं तर नको म्हणते. अगदी बाबांसारखं. दिवेलागणीच्या आत घरी येणारा माणूस म्हणून आपली गल्ली त्यांचं उदाहरण द्यायची. शेजारणी मला म्हणायच्या, नशीब काढलंस, आमचे बघ, आमच्यांना घर आठवतच नाही. मीही मिरवत होते. अपघाताच्या दिवशी मोठं काम आलं म्हणून मालकाने थांबवून घेतलं, हिवाळ्याचे दिवस, अंधार लवकर. त्या एकाच दिवशी ते अंधारात निघाले होते. हे मला चार वर्षं ठाऊक होतं, आणि ते मी कशालाच जोडलं नव्हतं.

शनिवारी सकाळी सायकल उभी राहिली. चाक गरगर फिरतं, चेन बोलत नाही, घंटी कडक. हवा भरून तिने सीट पुसली. ही आता बसणार आणि त्याच रस्त्यावर जाणार. मी मशीनवरून उठले, दारात आडवी उभी राहिले आणि सरळ म्हटलं की या सायकलवर तू बसायचं नाहीस, मी मेले तरी नाही. मला वाटलं, आता तरी भांडेल.

ती म्हणाली, "मी आता सायकल चालवणारच नाहीये, आई. ही नाही, कुठलीच नाही. तू इकडे ये."

तिने मला पुढच्या दिव्याजवळ बसवलं. त्या दिव्याचं तोंड खाली आणि कडेला वळलेलं आहे, समोर रस्त्याकडे नाही. अपघातात वाकला असं आपण सगळेच धरून चाललो होतो. सायकलवालाही चाक बसवायला आला तेव्हा म्हणाला होता, आणा, एक ठोका घालून सरळ करतो, आणि तिने हात लावू दिला नव्हता. तिने तो खोलून दाखवला. आत पत्र्याची पाचर आहे. कानसेने घासून, अगदी मापात बसवलेली, वर दोन वायसर. अपघात पाचरी घासत नाही, दादा. ते बाबांच्या हातचं काम होतं. समोर काय येतंय हे त्यांना अंधारात दिसतच नव्हतं, म्हणून त्यांनी दिवा रस्त्याच्या कडेला वळवून ठेवला होता. तिथल्या पांढऱ्या पट्ट्याला धरून धरून घरी यायचं. उशीर झालाच कधी तर असावं म्हणून. कधी केलं, किती वर्षं हे चालू होतं, काही ठाऊक नाही. एका शब्दाने बोलले नाहीत. छापखान्यात कळलं तर घरी बसवतील, ही भीती असणार. आणि आपण हसतोय हेही त्यांना सोयीचं वाटलं असेल. हसणारी माणसं विचारत नाहीत.

मग तिने तिचं सांगितलं. कॉलेजात रेखाटनाच्या तासाला मास्तरांनी तिच्या कोऱ्या कडा पाहिल्या आणि विचारलं, तुला कडेचं दिसत नाही का? आपण कुणी जे विचारलं नाही ते एका परक्या माणसाने विचारलं. त्यांनीच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. डोळ्याच्या मागच्या पडद्याचा आजार आहे. आधी अंधारात दिसेनासं होतं, मग कडेचं जातं, नळीतून पाहिल्यासारखं मधलं तेवढं राहतं. मधलं मात्र लख्ख असतं, म्हणून सुईत दोरा जातो, मुंगीएवढं अक्षर दिसतं, आणि गुडघ्याजवळचा छर्रा दिसत नाही. औषधाने परत येत नाही. हळूहळू पुढे जातं, कुणाचं किती ते सांगता येत नाही म्हणतात. आणि रक्तातून येतं. म्हणजे धांदल नव्हतीच. एवढी वर्षं आपण ज्याला बापाची धांदल म्हणत होतो, त्याला डॉक्टरांकडे नाव आहे.

मी रडले नाही असं म्हणणार नाही. नळ सोडून, भांडी घासत, जमेल तेवढं रडून घेतलं. बाबा गेल्याचं दुःख माझ्यापाशी होतं, पण ते त्यांच्या स्टुलासारखं जागेवर होतं. मला अंदाज होता, कुठून वळायचं. आता कुणीतरी ते मधोमध आणून ठेवलंय आणि मी घरात चालताना त्यावर आपटतेय. धाकटी मात्र सांगून मोकळी झाल्यासारखी दिसली. जेवताना पडद्याला नावंही ठेवली. ती परवा परत जाणार आहे. कॉलेज सोडत नाही. म्हणाली, मधलं दिसतंय तोवर मधलं काढीन. मी तिला म्हटलं, आणि मग? ती म्हणाली, मगचं मग, तू शेवट रचू नकोस. तिचं बरोबर आहे. मी प्रयत्न करतेय.

आणि तो व्हॅनवाला. तू दवाखान्याच्या व्हरांड्यात त्याची कॉलर धरली होतीस ते माझ्या डोळ्यांसमोर आहे. तो सारखा एकच म्हणत होता, मी हॉर्न दिला, दिवे दाखवले, त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. आपण त्याला खोटारडा म्हटलं. दादा, तो खरं बोलत होता. तो बाजूच्या गल्लीतून आला होता आणि बाबा पांढऱ्या पट्ट्याकडे बघत होते. तुझ्या मनातला राग तुझा आहे, तो मी काढून घेऊ शकत नाही. पण तो राग आता कुणावर ठेवायचा, हे मात्र तुला नव्याने बघावं लागेल.

आता ती गोष्ट, जी मी पहिल्या ओळीपासून पोटात घेऊन बसले आहे. धाकटी स्वतःचं सांगायला घरी आलीच नव्हती. डॉक्टरांनी तिला विचारलं, भावंडं आहेत का? ती म्हणाली, एक भाऊ. काय करतो? तिचा भाऊ रात्रीची बस चालवतो. ती तशीच उठून गाडीत बसली आणि इथे आली, आणि आठवडाभर त्या सायकलमध्ये तोंड खुपसून बसली, कारण तिला आधी खात्री करून घ्यायची होती की हे बाबांकडूनच आलं. शनिवारी शेवटी माझा हात धरून म्हणाली, "दादा माझं हसण्यावारी नेईल. तुझं ऐकेल. तू त्याला लिही." म्हणून लिहिते आहे. तू म्हणशील, डेपोत दरवर्षी तपासणी होते, पाटीवरची अक्षरं मी घडाघडा वाचतो. तीही वाचते, राजा, सगळ्यात खालची ओळसुद्धा. बाबांनीही वाचली असती. मागच्या वेळी तू आला होतास तेव्हा दारातल्या तिच्या पिशवीवर अडखळलास, आणि जेवताना मीठ मागितलंस. मीठ तुझ्या ताटाला लागून होतं. आपण तिघंही हसलो होतो. शनिवारपासून मला ते हसू ऐकू येतंय. कदाचित तुला काही नसेल, कदाचित पिशवीच वाटेत असेल, आणि मी म्हातारी उगाच शेवट रचत असेन. तसं निघालं तर मला पाहिजे तेवढं चिडव. पण आधी समोर कुणालातरी बसव, सरळ त्याच्या नाकाकडे बघ आणि त्याला दोन्ही बाजूंनी बोटं हलवत आणायला सांग. धाकटीने माझ्यावर करून पाहिलं, मला हात पुरे पसरलेले असतानाच दिसले. तिला माझी बोटं गालाच्या पुढे आल्यावर दिसली. काहीही दिसो, डोळ्याच्या पडद्याची तपासणी करून घे. आणि तोपर्यंत, आजपासून, रात्रीच्या गाडीवर चढू नकोस. मागे माणसं झोपलेली असतात, तुझ्या भरवशावर. दिवसाची पाळी माग, रजा टाक, खोटं कारण सांग, नोकरी गेली तर जाऊ दे. तू बाबांचा मुलगा आहेस, तू लपवशील, तू मनातल्या मनात एक पाचर घासायला बसशील, हे मला माहीत आहे. नको बसूस. हे पत्र संपलं की मला फोन कर आणि 'हो आई' सोडून काहीही बोल. आणि घरी ये, दिवसाउजेडी पोचशील अशा बेताने ये. स्टूल दरवाजाच्या डाव्या अंगालाच आहे, कळशी कट्ट्याच्या टोकाला, चपला भिंतीला टेकून. मी काही हलवलेलं नाही.

तुझीच, वाटेकडे डोळे लावून बसलेली,
आई